‘हँग’ झालेला संगणक आणि खोळंबलेली पेढी

पूर्व विदर्भात धान हे केवळ पीक नाही. शेतकरी, अडत्या, गिरणीमालक आणि वाहतूकदार या सर्वांना एकत्र बांधणारा तो धागा आहे. गोंदिया शहराची ओळखच तांदळाच्या गिरण्यांशी जोडलेली आहे. प्राचीन शिवमंदिरामुळे परिचित असलेले नागरा हे गाव या शहराच्या लगतच आहे. खरिपाचा हंगाम सुरू झाला की या साऱ्या पट्ट्यात धानाच्या पोत्यांची ये-जा वाढते आणि तिच्याबरोबर पेढीवरच्या नोंदींचीही.

या परिसरातील एखाद्या राइस मिलचे कार्यालय डोळ्यांपुढे आणावे. वजनकाट्याजवळ एक संगणक, मुनीमजींच्या टेबलावर दुसरा, मालकांच्या केबिनमध्ये तिसरा आणि कोपऱ्यात चौथा. त्या चौथ्याला सर्वजण ‘सर्व्हर’ म्हणतात. हिशेब टॅलीत असतो. पण धानाची आवक, भरडाई, तयार तांदूळ, कोंडा आणि बारदाना यांची नोंद मात्र एक्सेलच्या एका मोठ्या फाइलमध्ये असते, आणि ती फाइल सर्व्हरवरून सर्वजण उघडतात. शासनाने हमीभावाने घेतलेले धान भरडाईसाठी आले, तर एका क्विंटल धानामागे साध्या तांदळाचे ६७ किलो आणि उकड्या तांदळाचे ६८ किलो परत द्यावे लागतात. म्हणजे या फाइलमधील प्रत्येक आकड्याला कोणीतरी जबाबदार असतो.

अशा वेळी पडदा पांढुरका होतो, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरे उमटतात आणि कोणीतरी म्हणते, “हँग झाला.” बाहेर भरलेला ट्रक उभा असतो, ई-वे बिल अडते, महिन्याची ११ किंवा २० तारीख असेल तर जीएसटीचे विवरणपत्रही अडते. मग तीन उपाय ठरलेले असतात : बटण दाबून संगणक बंद करणे, समोर बसलेल्या कर्मचाऱ्याला बोलणे, आणि पुढच्या महिन्यात नवा संगणक घेणे. पहिल्याने नोंदी जातात, दुसऱ्याने माणूस दुखावतो, तिसऱ्याने पैसा जातो. मूळ कारण मात्र बहुधा जागच्या जागी राहते.

गोठणे म्हणजे वाट पाहणे

संगणकीकरणापूर्वीच्या बँकेत बचत खात्यांचे जाडजूड लेजर असत. एक लिपिक त्यात नोंद करीत असताना दुसऱ्याला त्याच लेजरातील खाते पाहायचे असेल, तर तो शेजारी उभा राहून वाट पाहत असे. ग्राहक खोळंबला तरी त्याला कारण दिसत असे : लेजर कोणाच्या टेबलावर आहे ते डोळ्यांसमोरच असे. सामायिक सर्व्हरवर नेमके हेच घडते. फरक इतकाच, की येथे वाट पाहणारा दिसतो, पण तो कोणाची वाट पाहत आहे ते दिसत नाही.

‘हँग’ झालेला प्रोग्राम बहुतेक वेळा मृत झालेला नसतो. तो कशाच्या तरी उत्तरासाठी थांबलेला असतो : दुसऱ्या कोणी उघडून ठेवलेल्या फाइलच्या, बंद पडलेल्या प्रिंटरच्या, तुटलेल्या नेटवर्कच्या किंवा स्वतःच्याच लांबलचक आकडेमोडीच्या. म्हणून पहिला प्रश्न ‘बंद कसा करू?’ हा नसावा. ‘हा कोणाची वाट पाहतो आहे?’ हा असावा.

आधी जागा ठरवावी

अनेकान्ताचा विचार आपल्याला नवा नाही. एकच वस्तू वेगवेगळ्या अपेक्षेने वेगवेगळी दिसते आणि एका अंगावरून केलेला निर्णय अपुरा असतो. फाइल सदोष आहे, संगणक जुना आहे, तार सैल आहे, सर्व्हरवर भार आहे, ही चारही विधाने कोणत्या ना कोणत्या दिवशी खरी असतात. आज कोणते खरे आहे, हे तीन साध्या चाचण्यांनी कळू शकते.

पहिली चाचणी : अडणाऱ्या फाइलची प्रत आपल्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर घ्यावी आणि तेथून उघडावी. ती झटकन उघडली, तर दोष बहुधा नेटवर्कमध्ये किंवा सर्व्हरवर आहे. तेथेही ती रेंगाळली, तर दोष फाइलमध्ये किंवा त्या संगणकावरील एक्सेलमध्ये आहे. चाचणी संपताच ती प्रत पुसून टाकावी. याचे कारण पुढे येईल.

दुसरी चाचणी : सर्व्हरवरचीच दुसरी एखादी लहान फाइल उघडून पाहावी. तीही अडली, तर मूळ फाइलला दोष देण्यात अर्थ नाही.

तिसरी चाचणी : तीच फाइल दुसऱ्या टेबलावरील संगणकावर उघडावी. तेथे ती नीट चालली, तर दोष पहिल्या संगणकाचा किंवा त्याच्या तारेचा आहे. या तिन्ही चाचण्यांना मिळून दहा मिनिटे पुरतात. तज्ज्ञाला बोलवावे लागलेच, तर त्याचे अर्धे काम आधीच झालेले असते.

नेहमीचे पाच अडथळे

पहिला अडथळा लपलेल्या खिडकीचा. ‘बदल जतन करायचे का?’ असा प्रश्न विचारणारी छोटी खिडकी दुसऱ्या खिडकीमागे जाते आणि प्रोग्राम आपल्या उत्तरासाठी थांबतो. ऑल्ट आणि टॅब ही बटणे एकत्र दाबून उघड्या खिडक्या पाहाव्यात. पुष्कळदा प्रकरण येथेच मिटते.

दुसरा अडथळा कुलपाचा. एक्सेल फाइल उघडली की तिच्या शेजारी ~$ या चिन्हांनी सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल तयार होते आणि ती कोणी उघडली आहे याची नोंद तीत राहते. संगणक अवचित बंद पडला, तर ही नोंद मागे राहू शकते आणि घरी गेलेल्या माणसाच्या नावाने फाइल ‘लॉक’ दिसते. सर्व्हरवर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’ आणि त्याखाली ‘ओपन फाइल्स’ उघडले की कोणती फाइल कोणाकडे आहे ते दिसते. त्या व्यक्तीला विचारून, तिचे काम जतन झाल्याची खात्री करून, तेवढीच फाइल तेथून बंद करता येते. सगळा सर्व्हर पुन्हा सुरू करण्याची गरज नसते.

तिसरा अडथळा प्रिंटरचा. हा कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. पानाची मांडणी ठरवण्यासाठी वर्ड आणि एक्सेल हे नेमलेल्या प्रिंटरला विचारतात. तो प्रिंटर दुसऱ्या खोलीतील बंद संगणकाला जोडलेला असेल, तर उत्तर येईपर्यंत फाइल अडून राहू शकते. ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा प्रिंटर तात्पुरता नेमून पाहावा. फाइल लगेच उघडू लागली, तर चोर सापडला असे समजावे.

चौथा अडथळा जुन्या दुव्यांचा. यंदाच्या फाइलमध्ये गतवर्षीच्या शिलकेसाठी जुन्या फाइलचा दुवा दिलेला असतो. ती फाइल हलवली, किंवा सर्व्हर बदलला, की एक्सेल जुन्या पत्त्यावर तिला शोधत बसते. ‘डेटा’ विभागातील ‘एडिट लिंक्स’मध्ये (नव्या आवृत्तीत ‘वर्कबुक लिंक्स’) असे दुवे दिसतात. आरंभीची शिल्लक वर्षातून एकदाच बदलते. तेथे दुव्याऐवजी तपासून घेतलेला आकडाच लिहावा.

पाचवा अडथळा जोडप्रोग्रामांचा, म्हणजे ‘ॲड-इन’चा. कंट्रोल बटण दाबून ठेवून एक्सेल सुरू केले की ते सुरक्षित पद्धतीत, जोडप्रोग्रामांशिवाय उघडते. तसे उघडल्यावर अडचण नाहीशी झाली, तर ते जोडप्रोग्राम एकेक करून बंद करून पाहावेत.

फाइलचा परिग्रह

गरजेपेक्षा अधिक साठवणे यालाच आपण परिग्रह म्हणतो. फाइलही परिग्रही होते. पाच वर्षांची आवक एकाच फाइलमध्ये, संपूर्ण स्तंभांना दिलेले रंग आणि रेघा, चिकटवताना नकळत आलेली शेकडो चित्रे, कोणीही न पाहणारी पंधरा पाने, हे सर्व ओझे प्रत्येक वेळी नेटवर्कवरून वाहून आणावे लागते.

कंट्रोल आणि एन्ड ही बटणे एकत्र दाबली की एक्सेल आपल्याला त्याच्या मते शेवटच्या वापरलेल्या चौकटीत नेते. नोंदी आठशे ओळींच्या आणि आपण पोहोचलो दोन लाखाव्या ओळीवर, असे झाले तर मधल्या रिकाम्या दिसणाऱ्या ओळी पूर्णपणे काढून फाइल जतन करावी. ‘ऑफसेट’, ‘इनडायरेक्ट’, ‘टुडे’ यांसारखी सूत्रे कुठेही बदल झाला की पुन्हा मोजली जातात. ती हजारो चौकटींत भरली असतील, तर प्रत्येक नव्या नोंदीला विलंब लागणारच. नव्या आर्थिक वर्षाला नवी फाइल सुरू करावी आणि जुनी केवळ वाचण्यापुरती ठेवावी. वह्यांच्या काळात आपण हेच करीत होतो.

येथे इंग्लंडमधील एक प्रसंग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या दैनिक आकडेवारीतून कोविडचे १५,८४१ रुग्ण सुटल्याचे उघड झाले. एक्सेलचा जुना एक्सएलएस प्रकार वापरला गेला होता आणि त्याच्या एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. २००७ पासूनच्या नव्या प्रकारात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची आहे. गोठणारी फाइल निदान तक्रार तरी करते. गुपचूप ओळी गाळणारी फाइल अधिक घातक. आपल्या पेढीवर अजून एक्सएलएस प्रकारच्या फाइली असतील, तर त्या नव्या प्रकारात जतन करून घ्याव्यात.

तार, वीज आणि ‘सर्व्हर’ नावाचा संगणक

मिलमध्ये धूळ आणि कोंड्याचा भुसा असतोच. नेटवर्कच्या सर्व तारा ज्या छोट्या पेटीत येतात, त्या ‘स्विच’कडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. आणखी एक गोष्ट पाहावी. सर्व्हरला यूपीएस असतो. स्विचला असतो का? मोठी मोटर सुरू होताना वीजदाब क्षणभर खाली आला, तर सर्व्हर आणि संगणक चालू राहतात, पण मधला स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. फाइलची जोडणी मात्र त्या क्षणी तुटते. एक्सेल जतन करताना आधी तात्पुरत्या नावाने नवी फाइल लिहिते आणि मग तिला मूळ नाव देते. जोडणी नेमकी त्याच वेळी तुटली, तर विचित्र अक्षरांची फाइल मागे राहते. ती कचरा समजून पुसू नये. आपल्या ताज्या नोंदी कदाचित तिच्यातच असतात. म्हणून स्विचही यूपीएसवर घ्यावा, आणि हिशेबाचे संगणक वाय-फायवर न ठेवता तारेने जोडावेत.

कोपऱ्यातील सर्व्हर हा खरोखर सर्व्हर आहे का, हेही विचारावे. साधे विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक सामायिक फोल्डरसाठी एका वेळी २० जोडण्यांपर्यंतच मर्यादित असतो. लहान पेढीला तो पुरतो. पण त्याच संगणकावर कोणी दिवसभर इतर कामे करीत असेल, तर सर्वांचेच काम मंदावते. पाठप्रतीचे, म्हणजे ‘बॅकअप’चे काम आणि व्हायरसची पूर्ण तपासणी ही कामाच्या वेळेत न ठेवता रात्री ठेवावीत.

काही पेढ्यांत सर्वजण ‘रिमोट डेस्कटॉप’ने एकाच सर्व्हरवर काम करतात. तेथे प्रत्येकाचे एक्सेल त्या एकाच संगणकाच्या मेमरीत उघडते. संध्याकाळी खिडकी केवळ फुलीने बंद केली, तर काम संपत नाही. ते सर्व्हरवर तसेच उघडे राहते आणि फाइलही अडकून राहते. ‘साइन आउट’ करूनच उठावे. टास्क मॅनेजरच्या ‘युजर्स’ विभागात कोण किती मेमरी अडवून बसले आहे, ते दिसते.

पडदा गोठल्यावर

प्रथम हात मागे घ्यावा. वारंवार क्लिक केल्याने रांग वाढते. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर आणि डिस्क पाहावी. एक्सेल प्रोसेसर वापरत असेल, तर आकडेमोड चालू आहे. पाच-दहा मिनिटे थांबावे. अगदीच निश्चल असेल, तर ‘डिटेल्स’ विभागात त्या प्रोग्रामवर उजवे क्लिक करून ‘ॲनालाइझ वेट चेन’ निवडावे. तो दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामसाठी थांबला असेल, तर पुष्कळदा त्याचे नाव तेथे मिळते. ‘एन्ड टास्क’ हा त्यानंतरचा मार्ग, आणि विजेचे बटण हा अगदी शेवटचा. सर्व्हरचे बटण तर इतरांना विचारल्याशिवाय कधीच दाबू नये. आपल्या एका फाइलसाठी चार जणांच्या नोंदी जातात. टॅलीचा डेटा बिघडला, तर दुरुस्तीची सोय वापरण्यापूर्वी तो जसा आहे तशीच त्याची प्रत घेऊन ठेवावी.

खरा धोका : एका पेढीची दोन सत्ये

गोठण्यामुळे जाणारा अर्धा तास हे खरे नुकसान नव्हे. खरे नुकसान त्यानंतर होते. फाइल उघडत नाही म्हणून काट्यावरचा मुलगा तिची प्रत करतो आणि ‘आवक नवीन’ असे नाव देऊन त्यात नोंदी सुरू करतो. दुपारी मूळ फाइल उघडते. मुनीमजी तीत लिहू लागतात. संध्याकाळी मालक तिसरीच, ‘आवक फायनल’ नावाची फाइल पाहतात. तिन्हींतील धानाची शिल्लक वेगळी असते. कोणी खोटे लिहिलेले नसते. तरीही तीनपैकी निदान दोन आकडे खोटे असतात. ६७ किलोंचा हिशेब कोणत्या आवकेवर धरायचा? धान परत मागणाऱ्या शासनाला, पैसे मागणाऱ्या शेतकऱ्याला आणि भागीदार असलेल्या धाकट्या भावाला कोणता आकडा दाखवायचा? एकत्र कुटुंबांच्या पेढीत संशयाचे पहिले बीज पुष्कळदा अशाच न जुळणाऱ्या आकड्यात रुजते.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख करणे, याची गणना केली आहे. फाइलची दुसरी प्रत करणाऱ्याच्या मनात कपट नसते, म्हणून तिला कूटलेख म्हणता येणार नाही. परंतु प्रमादाने झालेल्या खोट्या लेखाचा भार समोरच्या पक्षावर तितकाच पडतो, आणि आपली पेढी ज्या शब्दावर उभी आहे तो शब्दही तितकाच हलका होतो. म्हणून नियम एकच असावा : फाइल अडली तर नोंद कागदावर करावी, वेळ आणि सही घालून, आणि फाइल उघडताच ती मूळ फाइलमध्ये चढवावी. प्रत कधीही करू नये. कागदाचा कच्चा रोजमेळ आजही काट्याशेजारी असायला हवा.

याहून पक्का उपाय म्हणजे योग्य कामासाठी योग्य साधन. सामान्य सामायिक फोल्डरमधील एक्सेल फाइल एका वेळी एकाच माणसाने लिहावी, अशीच तिची घडण आहे. अनेकांना एकाच वेळी लिहायचे असेल, तर ती वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर ठेवावी लागते. टॅलीचे तसे नाही. बहुवापरकर्ता परवाना असेल, तर अनेकजण एकाच वेळी त्यात नोंदी करू शकतात. साठ्याची नोंद टॅलीतच ठेवता येते, आणि मग एक्सेल केवळ अहवालापुरते उरते. कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढ्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा माग ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. एक्सेलमध्ये वाढत गेलेल्या समांतर वह्या त्या हेतूशी विसंगत ठरतात.

एक लहान नोंदवही

शेवटी एक सूचना, जिला पैसा लागत नाही. सर्व्हरशेजारी एक साधी वही ठेवावी. प्रत्येक वेळी संगणक अडला की पाच गोष्टी लिहाव्यात : वेळ, कोणता संगणक, कोणती फाइल, त्या वेळी काय चालले होते, आणि कशाने सुटले. पंधरा दिवसांत आकृती दिसू लागते. रोज सायंकाळी सातलाच अडत असेल, तर त्या वेळी पाठप्रत घेतली जात असेल. मोटर सुरू होतानाच अडत असेल, तर वीज तपासावी. एकाच टेबलावर अडत असेल, तर तार बदलावी. आणि सर्व टेबलांवर एकाच फाइलपाशी अडत असेल, तर तिचा परिग्रह कमी करावा.

या वहीचा आणखी एक लाभ आहे. पेढीवर तीस वर्षे इमानाने काम केलेल्या मुनीमजींना उतारवयात संगणकाची भीती वाटते. पडदा गोठला की दोष आपलाच असे ते मानतात, आणि मालकाचा स्वर चढला की ते गप्प होतात. गप्प झालेला माणूस पुढची अडचण सांगत नाही, आणि न सांगितलेली अडचणच मार्चअखेरीस मोठी होऊन समोर येते. वहीत कारण लिहिले गेले की दोष माणसावरून उठून तारेवर, प्रिंटरवर किंवा जुन्या दुव्यावर जातो. येत्या हंगामापूर्वी एका रविवारी अर्धा तास काढावा, मुनीमजी, काट्यावरचा मुलगा आणि घरातील संगणक जाणणारी सून किंवा मुलगा यांना एकत्र बसवावे, वरील तीन चाचण्या करून पाहाव्यात आणि वहीचे पहिले पान मुनीमजींच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावे.